जुनी यादी, नवा कॉम्प्युटर

तुळशीचं लग्न लागलं की लोकांना आनंद होतो आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या ओट्यावर चपला वाजायला लागतात. हातात कुणाच्या तरी लग्नाची गेल्या वर्षीची पत्रिका, गालात पान, आणि तोंडात एकच वाक्य : ‘ताई, अश्शीच पाहिजे, फक्त नावं बदला.’ फक्त! बावीस वर्षं झाली, सुरतेत लिंबायतमधल्या या पुढच्या खोलीत बसून मी फक्त नावं बदलते आहे. नवरा मुलगा बदलतो, नवरी बदलते, गाव बदलतं, हॉल बदलतो. गणपती तोच, श्लोक तोच, आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असं चिमुकल्यांच्या तोंडी घातलेलं ते लाडीक वाक्य तर मी झोपेतही टाईप करीन. एकदा वाटलं होतं, ते गुपचूप काढून टाकावं. पण ज्या घरात एकही चिमुकलं नाही त्या घरालाही ते हवंच असतं.

यंदा त्यात एक नवी पीडा आली. समोरच्या मंगलबाईंनी मुलीसाठी जुना कॉम्प्युटर देऊन नवा घेतला आणि सकाळी सकाळी, मी पोंकाची पुडी सोडून बसले असताना, विचारायला आल्या. थंडीच्या दिवसांत सुरतेत हा एक पदार्थ मला मनापासून आवडतो, ज्वारीचे हिरवे कोवळे दाणे, वर लिंबूमिरीची शेव. आमच्याकडचा हुरडाच, पण नटवलेला. तर पहिला घास तोंडात आणि मंगलबाई दारात. ‘ताई, यात मराठी लिहायला काय टाकू? तुम्ही तर जाणकार. कोणतं चांगलं?’

मी म्हणाले, ‘कोणतंच नाही.’

त्यांना वाटलं, थट्टा करते. थट्टा नव्हती. चार वर्षांपूर्वी अशाच लग्नसराईत माझ्याही टेबलावर नवा कॉम्प्युटर येऊन बसला होता आणि मीही हाच प्रश्न विचारत फिरले होते. त्या सराईत जे झालं ते मी मंगलबाईंना सांगितलं नाही. त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. पण पोंकाची चव गेली ती गेलीच.

माझा जुना कॉम्प्युटर मला अजून आठवतो. पिवळट पडलेला, चालू केला की आधी खोकायचा, मग घुमायचा. गल्लीतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नसे, पण मला येई. त्यात मराठीचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. त्याचं एक कुलूप मिळायचं, बोटाएवढं, कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायचं. ते खोचलं तरच अक्षरं उमटायची. मी धुळ्याला टाइपरायटरवर शिकले, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये बटणांची जागा अगदी टाइपरायटरसारखीच होती. त्यामुळे मला कधी खाली पाहावं लागलं नाही. ‘क’ कुठे आहे हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. बोटांना विचारा, ती सांगतील.

धाकट्या लेकीला, पिंकीला, ते सगळं बघवत नसे. ती रिंग रोडच्या एका साडीबाजारातल्या ऑफिसात कामाला होती, दिवसभर बिलं बनवायची. घरी आली की माझ्या मशीनकडे असं बघायची जसं एखाद्या आजारी म्हाताऱ्याकडे बघावं. ‘मम्मी, आ तो साव जूनुं छे.’ या पोरी आमच्याशी बोलतानाही मध्येच गुजरातीत शिरतात आणि त्यांना कळतही नाही. तिचं लग्न ठरलं, जळगावकडचं स्थळ, आणि तिनं ठरवलं की जाण्याआधी मला नवा कॉम्प्युटर देऊन जायचं. ‘मी गेल्यावर हा बंद पडला तर तुला कोण चालू करून देईल?’ हे ती प्रेमानं म्हणाली. मला राग आला. लेक सासरी जायच्या आधी आईची व्यवस्था लावते, म्हणजे मी काय खाटेवर पडले होते?

शेजारच्या उधना भागातल्या दुकानदारानं नवं डबडं आणून जोडलं. काळं, चपटं, आवाज नाही, जीव नाही. मी कुलूप पुढे केलं. त्यानं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि हसला. ‘बेन, आने हवे म्युझियममां मूको.’ नव्या मशीनला ते खोचायचं भोकच नव्हतं. ज्या लॉकच्या जिवावर मी अर्ध्या लिंबायतची लग्नं लावली ते लॉक त्यानं मला खडा परत द्यावा तसं परत दिलं. त्या माणसाच्या दुकानावरून मी अजूनही जात नाही, पलीकडच्या गल्लीतून वळसा घालते.

मग सुरू झाली निवड. पिंकी एकेक सॉफ्टवेअर दाखवायची आणि मी एकेकाला नावं ठेवायची, जसं काही वधूवरमेळाव्यात बसलो होतो.

पहिलं आलं ते सगळ्यात मानाचं, ऑफिसाऑफिसात असतं ते. त्याचं भाडं दरवर्षी भरायचं. म्हणजे मी लिहिलेलं मलाच उघडून बघायला दरवर्षी घरभाडं द्या. बरं, द्यायचं तर द्यावं. पण त्यात मराठी लिहिलं की प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ! माझ्या नणदेच्या नावाखाली लाल रेघ, गावाच्या नावाखाली लाल रेघ. माझ्या सासऱ्यांचं नाव चुकीचं आहे हे मला सांगणारं हे कोण लागून गेलं? पिंकी म्हणाली, ती रेघ बंद करता येते. मी म्हणाले, ज्याला आल्याआल्या तोंड बंद कर म्हणून सांगावं लागतं, तो पाहुणा घरात घ्यायचाच कशाला?

दुसरं इंटरनेटवर चालणारं. मशीनमध्ये काही टाकायचं नाही, सगळं वर कुठेतरी ढगात राहणार. फुकट. पण आमच्या गल्लीतलं इंटरनेट लूमच्या लाइटसारखं, येतं आणि जातं. एका वधूपित्याचा मायना मी अर्धा लिहिला आणि ते गोल गोल फिरायला लागलं. वधूपिता माझ्यासमोर स्टुलावर बसून त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, ‘ताई, हे काय दळतं आहे?’

तिसरं म्हणे बोलून लिहायचं. आपण बोलायचं आणि ते टाईप करणार. पिंकीला याचं फार कौतुक. आमच्या खोलीच्या दोन्ही बाजूंना लूम, समोरच्या ओट्यावर साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या बायका, त्यांचा मोबाइल मोठ्यानं लावलेला. मी बोलले एक, त्यानं लिहिलं भलतंच. मी ओरडले, तर त्यानं माझं ओरडणंही लिहून काढलं.

आणि यातल्या प्रत्येकात मराठी लिहायची जी पद्धत होती तिचा तर मी मनापासून तिरस्कार करते. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटणार! म्हणजे पाटील लिहायला आधी मनात इंग्रजीत स्पेलिंग करा. पन्नास वर्षं जी भाषा मी तोंडानं बोलले आणि पंचवीस वर्षं बोटांनी लिहिली, तिच्यात शिरायला आता दुसऱ्याच्या दारातून जायचं. पहिले आठ दिवस माझी बोटं जुन्या जागी जाऊन आपटायची. जिथे माझा ‘क’ होता तिथे आता भलताच कुणी राहत होता. संध्याकाळी मनगटं दुखायची आणि मी पिंकीवर खेकसायची. ती बिचारी महिनाभराची पाहुणी होती, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

शेवटी चौथं निवडलं. फुकट होतं, मशीनमध्ये राहणारं होतं, आणि पिंकीच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्यात टाइपरायटरची जुनी बटणं बसवून दिली. त्यातही खोड्या होत्याच. पत्रिकेची नक्षी ओढली की गणपती टुणकन दुसऱ्या पानावर जाऊन बसायचा. पण त्याच्यासोबत एक युक्ती मिळाली : माझ्या जुन्या फाइली नव्या अक्षरांत बदलून द्यायच्या. नाहीतर त्या नव्या मशीनवर उघडल्या की नुसता किडामुंग्यांचा बाजार दिसे. मी ते सॉफ्टवेअर घेतलं ते या एका गोष्टीसाठी. कारण माझं सगळं दुकान म्हणजे त्या जुन्या फाइली.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही. आमच्या खानदेशी लग्नाच्या पत्रिकेत वरचा मायना म्हणजे नुसती शोभा. वाचतात ती खालची यादी. आशीर्वाद कुणाचे, निमंत्रक कोण, कार्यवाहक कोण, मामा कोण, समस्त भाऊबंद कोण. कुणाचं नाव कुणाच्या वर आणि कुणाचं खाली. यादीत नाव असलं की तेच निमंत्रण, आणि यादीत नाव नसलं तर घरी सात वेळा अक्षता पाठवा, माणूस मांडवात पाय ठेवणार नाही. म्हणून पत्रिका करणारे आम्ही सगळेजण प्रत्येक घराण्याची यादी वेगळी जपून ठेवतो. पुढचं लग्न आलं की वरचा मायना नवा लिहायचा आणि खाली घराण्याची यादी आणून चिकटवायची. मध्ये कुणी वारलं असेल तर कै. करायचं, कुणाची सून आली असेल तर वाढवायची. उधन्याला असो की धुळ्याला, कामाची रीत हीच.

आणि या यादीनंच आमच्या घराचे दोन तुकडे केले होते.

माझा नवरा उत्तम आणि त्याचा थोरला भाऊ, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, हे दोघंच भाऊ. आप्पा गावी राहिले, आम्ही सुरतेत आलो. माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं लूमवर काढली, त्यामुळे त्याला कमी ऐकू येतं आणि तो बोलतोही कमी. पिंकीच्या लग्नाच्या सात वर्षं आधी आप्पांच्या मुलाचं लग्न होतं. पत्रिका आली. धुळ्याच्या छापखान्यातली, लाल मखमली, वर सोनेरी अक्षरं. मी यादी वाचली. पुन्हा वाचली. माझ्या नवऱ्याचं नाव कुठेही नव्हतं. सख्ख्या काकाचं नाव नव्हतं! चुलत, मावस, गावचा सरपंच, दूध डेअरीचा चेअरमन, सगळे होते.

आप्पांचा त्याच दिवशी फोन आला होता. आवाज पडलेला. ‘छापखानावालानी गावनी यादी लाई दिधी. सुरतवाला राही ग्यात. माले आज दिसनं.’ माझा नवरा फोन कानाशी धरून नुसता ‘हां, हां’ करत होता. त्याचा चेहरा सैल पडत चालला होता, विश्वास बसत चालला होता त्याचा. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

मी म्हणाले, ‘आप्पा, मी बी हाईच काम करस. नाव आपोआप पुसाई जात नही. कोनीतरी पुसनं पडस.’

मी हे म्हणाले. जाणकार म्हणून म्हणाले. आमच्या घरात या विषयावर माझा शब्द शेवटचा होता, आणि नवऱ्यानं तो खरा मानला. आम्ही लग्नाला गेलो नाही. तीन वर्षांनी सासूबाई गेल्या, तेव्हा गावी गेलो, पण दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले. दोन वर्षांनी माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्यात आप्पांचं नाव नव्हतं. ते मी माझ्या हातानं काढलं. बटण दाबताना मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. एकदा नव्हे, कितीदा तरी, पत्रिका छापून आल्यावर मी ती रिकामी जागा बोट लावून पाहिली होती.

त्या सात वर्षांत माझा राग कधी शिळा झाला नाही. दर सराईत तो नव्यानं उकळायचा. कुणाच्याही पत्रिकेत ‘वधूचे काका’ ही ओळ टाईप करताना मला आप्पा आठवायचे आणि मी बटणावर जास्त जोर द्यायची. नवरा कधी गावाचा विषय काढू लागला की मी त्याला तेवढ्यावरच अडवायची. लोकांना वाटायचं, दोन भावांचं वाकडं आहे. त्यातला एक भाऊ नुसता गप्प बसलेला होता.

तर पिंकीची पत्रिका. नव्या मशीनवर मी केलेली पहिली पूर्ण पत्रिका आपल्या लेकीचीच. मायना लिहिला. गणपतीला तीनदा मागे ओढून आणला. मग घराची यादी आणायला गेले. आमच्या घराच्या याद्या दोन होत्या. एक नणदेच्या लग्नाची, भांडणाच्या आधीची, आप्पा सगळ्यात वर. दुसरी थोरलीच्या लग्नाची, आप्पा नसलेली. नाव दोन्हींचं सारखंच होतं, ‘आपली यादी’. मी जुन्या मशीनवर फाइलीची तारीख बघून ओळखायची, नवी ती आपली. पण पिंकीनं सगळ्या फाइली एका दिवसात बदलून नव्या मशीनवर आणल्या होत्या. त्यामुळे अठरा वर्षांच्या माझ्या सगळ्या फाइलींवर एकच तारीख पडली होती, परवाची.

मी एक उघडली आणि चिकटवली. आणि तपासली बरं का! अर्धा दिवस तपासली. प्रत्येक वेलांटी, प्रत्येक जोडाक्षर, रफार जागेवर आहे का, अनुस्वार उडाला का. नव्या सॉफ्टवेअरवर माझा काडीचा भरवसा नव्हता, म्हणून मी एकेक अक्षर पोलिसासारखं पकडून पाहिलं. अक्षरं सगळी पाहिली. नाव एकही वाचलं नाही.

प्रूफ नवऱ्याला दिलं. आमच्याकडे शेवटचं वाचन तो करतो. ओट्यावर उन्हात बसून त्यानं ते वाचलं. फार वेळ वाचलं. मी आतून दोनदा हाक मारली तरी उठला नाही. मग कागदाची नीट घडी घालून म्हणाला, ‘बराबर शे.’ आणि स्वतः सायकलवर उधन्याला प्रेसमध्ये देऊन आला.

छापून आल्या त्या दिवशी मी पहिली पत्रिका देवापुढे ठेवायला म्हणून चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावत होते. तिसऱ्या कोपऱ्याशी बोट थांबलं. निमंत्रक. पहिलं नाव आप्पांचं. त्यांच्या खाली माझा नवरा.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. समोरच्या ओट्यावरच्या बायकांनी टिकल्या चिकटवायचं थांबवलं एवढं सांगते. आधी कॉम्प्युटरला बोलले, मग ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला, त्याच्या सात पिढ्यांना, मग पिंकीला, की तुला कुणी सांगितलं होतं नवं आणायला. पिंकी रडायला लागली. मग मी नवऱ्याकडे वळले. ‘तुम्ही वाचं नही का? आप्पानं नाव दिसनं नही?’

तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, ‘टाईप तू करं. माले वाटनं, तूच टाकं.’

आणि मी त्याच्याकडे पाहिलं. सात वर्षांत मी त्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं नव्हतं. दिवाळीत पोरं फटाक्याची पुडी हातात धरून उभी असतात, की आता आई काढून घेते की काय, तसा तो उभा होता. मी विचारलं, गावच्या पत्रिका कुठे आहेत? तर त्या त्यानं प्रेसमधून परस्पर उधना स्टेशनवर नेऊन गावी जाणाऱ्या चुलतभावाच्या हातात दिल्या होत्या. ‘जाऊ दे,’ तो म्हणाला.

नाव मी टाकलेलं नाही, जुनी फाइल लागली, हे मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. उरलेला गठ्ठा पलंगाखाली लोटला आणि पुन्हा त्या गठ्ठ्याकडे पाहिलं नाही. गावाहून दोघीतिघींचे फोन आले, ‘पत्रिका वाचीसन डोया भरी उनात.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, आप्पांच्या नावामुळे म्हणत आहेत.

सुरतेच्या टोकाला भेस्तानला आमच्या समाजाची वाडी, म्हणजे मंगल कार्यालय, आहे, लग्न तिथे होतं. आप्पा सकाळच्या गाडीनं आले. फाटकाशी उभे राहिले, हातात पिशवी, पांढरी टोपी, पार वाळून गेलेले. माझा नवरा मांडवातून धावत गेला. या माणसाला मी तीस वर्षांत धावताना पाहिलं नव्हतं. त्यानं पिशवी घेतली. नवऱ्यानं आप्पांची टोपी काढली, मानाची नवी टोपी घातली, उपरणं दिलं, आणि अंतरपाट धरायच्या वेळी त्यांना आपल्या शेजारी उभं केलं. पिंकी काकांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरचा हात बराच वेळ उचलला नाही.

मी हे सगळं लांबून बघत होते आणि माझा राग जागच्या जागी होता. खरं सांगायचं तर वाढला होता, कारण आता त्याला बसायला जागा उरली नव्हती. बायका येऊन माझी पाठ थोपटत होत्या. ‘मोठं मन शे बाई तुनं. स्वतः नाव टाकं जेठनं.’ एक झाली, दोन झाल्या. चौथीनं म्हटलं तेव्हा मला सहन होईना. मी भांडकुदळ आहे, तिखट आहे, मान्य. पण न केलेल्या कामाचा मान मला पचत नाही.

पंगत चालू होती. आप्पा एका कडेला बसून सावकाश जेवत होते. मी पदर डोक्यावर घेतला, वरणाची बादली उचलली आणि त्यांच्यापुढे जाऊन बसले.

‘आप्पा,’ मी म्हणाले, ‘तुमनं नाव मी टाकं नही. कॉम्प्युटर नवा उना, जुनी यादी लागी गयी. चूक व्हयनी.’

म्हणताना मला माझंच बोलणं ऐकू आलं. सात वर्षांपूर्वी फोनवर हेच वाक्य एक माणूस मला सांगत होता आणि मी त्याला शिकवत होते की असं होत नाही. अठरा वर्षं मी याद्या चिकटवल्या होत्या. असं होतं हे मला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं. मला ते माहीत नको होतं.

मी म्हणाले, ‘तवय तुमनी बी चूकच व्हती. मी आयकं नही.’

आप्पा जेवत राहिले. मग डावा हात बंडीच्या खिशात घालून त्यांनी पत्रिका काढली. घड्या पडून मऊ झालेली. ती गुडघ्यावर पसरली आणि बोट ठेवलं. त्यांच्या स्वतःच्या नावावर नाही, दोन ओळी वर. आशीर्वाद. तिथे सासऱ्यांचं नाव होतं, मागे कै. लावलेलं. आणि त्याच्या खाली सासूबाईंचं. गं. भा. वेणूबाई.

हयात विधवेला आम्ही गं. भा. लिहितो. गेलेल्या माणसाला कै. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. नणदेच्या लग्नात त्या होत्या. त्या वेळची ती यादी होती. पाचशे पत्रिका मी माझ्या गेलेल्या सासूच्या हयात आशीर्वादानं छापल्या होत्या आणि मला एकदाही दिसलं नव्हतं.

‘पत्रिका हातमा उनी तवयच समजनं, जुनी यादी शे,’ आप्पा म्हणाले. ‘उत्तमले बी दिसनं व्हई. तो मायनं नाव वाचाशिवाय पुढे जाई का?’

मी मान वर केली. मांडवाच्या त्या टोकाला माझा नवरा पाहुण्यांना पान देत होता. त्यानं ओट्यावर उन्हात बसून तो कागद इतका वेळ का वाचला, ते मला तेव्हा कळलं. त्याला सगळं दिसलं होतं, आणि ‘माले वाटनं, तूच टाकं’ असं तो मला सांभाळून म्हणाला होता.

मी विचारलं, ‘मंग चूक शे समजीसन बी तुम्ही उनात?’

आप्पांनी पत्रिका पुन्हा घडी घातली, जुन्या घड्यांवरूनच, आणि खिशात ठेवली.

‘पत्रिकामा माय जित्ती व्हती, बाई,’ ते म्हणाले. ‘तिनी बलावं. मंग मी कसा नही येऊ?’